आधी चावी, मग कलम

प्रिय पोरी,

रविवारी तू गेलीस आणि तुझा चहा तसाच राहिला. "काका, दीड तास तारा लावते, वाजवायला वीस मिनिटं उरतात. कीबोर्ड घेऊ का?" हे विचारताना तू माझ्याकडे नाही, संतूरच्या पिशवीच्या चेनकडे बघत होतीस. मी काहीतरी पुटपुटलो. खरं उत्तर आता लिहितो.

तो दीड तास हाच रियाज. आधी तारा पिळायची चावी, मग वाजवायची लाकडी कलमं.

काश्मिरी संतूरला 25 घोड्या, म्हणजे तारा टेकतात ते लाकडी तुकडे, प्रत्येकीवर 4 तारा, म्हणजे शंभर पुऱ्या. तुझ्याला नव्वदच्या आसपास, तरी तुझी रड! शिवकुमार शर्मांनी 1955 साली मुंबईत ते वाजवलं, तेव्हा 'यात मींड नाही, एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकता येत नाही, रागदारीला चालायचं नाही' म्हणणारे जाणकार होतेच. शर्मांनी तारांची मांडणी बदलली, वाद्य मांडीवर घेतलं. आपण ते आयतं मांडीवर घेतो आणि वर कंटाळतो. अगं, गायक चुकला तर गंधारावर सरकून सावरून घेतो, सतारवाला तार ओढतो. तुझं कलम पडलं की पडलं. तिथे जो स्वर लावून ठेवलायस तोच वाजणार.

एका घोडीवरच्या तीनपैकी दोन तारांवर जुन्या बनियनची चिंधी दाब. एकच लाव. मग दुसरी मोकळी करून दोन्ही छेड. वँव-वँव असा हेलकावा येईल. एक सेकंदाला 440 कंपनांवर आणि दुसरी 442 वर असेल तर सेकंदाला दोन हेलकावे. चावी केसभर फिरव, त्याहून जास्त नाही. हेलकावा लांबत जातो, आणखी लांबतो आणि विरतो. तिथे थांब. घाईत पुढच्या घोडीकडे पळू नकोस, तू पळतेस हे मी पाहिलंय.

मोबाईलवरच्या ट्यूनरने षड्ज, म्हणजे सा, लाव आणि फोन पालथा ठेव. यमन रागाचा गंधार ट्यूनरच्या त्या हिरव्या दिव्यापाशी नसतो, थोडा खाली असतो. तानपुऱ्यात तो आपोआप ऐकू येतो. दिवा बघत बसलीस तर कधीच नाही येणार.

संतूरवादक उल्हास बापट बाराही स्वर लावून ठेवायचे, राग बदलला तरी तारांना हात लावावा लागायचा नाही, असं तू म्हणशील. बरोबर. पण ते बारा स्वर काय आपोआप लागायचे?

माझं वाद्य चार वर्षं गुरुजी लावून द्यायचे. मला ते लाड वाटायचे. मग एका गणेशोत्सवात, मंडपातला दमट उकाडा, डोक्यावर हॅलोजन, आणि बागेश्री रागात नेमका मध्यम उतरला. चावी पिशवीत होती. पण कुठली खुंटी कुठल्या तारेची, तेच सुचेना. तबलजी माझ्याकडे बघतोय आणि मी तो उतरलेला मध्यम पुन्हा पुन्हा वाजवतोय. गुरुजींना दोष देत नाही. चावी मीच मागितली नव्हती.

पुढे कार्यक्रम झाले नाहीत. बँकेची बदली आडवी आली असं मी सगळ्यांना सांगतो. बदली होतीही, नाशिकहून चंद्रपूर काय जवळ आहे? पण तिथल्या भाड्याच्या खोलीत मी पहिल्यांदा अख्खं संतूर एकट्याने लावलं. पहाटेचे तीन वाजले. आणि न वाजवताच झोपलो. 'मग उपयोग काय?' असं बायकोने विचारलं होतं, आता तूही विचारशील. या प्रश्नाचा मला राग येतो. तेव्हापासून मी वाजवतो कमी, लावतो जास्त. शेजाऱ्यांना वाटतं याला वाजवताच येत नाही. वाटू दे. माझ्या घरात बेसूर संतूर कुणी ऐकलेलं नाही, एवढं तर आहे ना?

कीबोर्ड घ्यायचा तर घे, मी अडवणार नाही. (अडवीन. खोटं कशाला बोलू?)

या रविवारी ये. चावी आण, चिंध्या आण. कलमं घरीच ठेव.

तुझा,
काका