स्टॅटिक आयपीचे पैसे भरण्याआधी "पब्लिक आहे का" हे लेखी घ्या

भाऊ, तुमचा प्रश्न वाचला. शिरपूरला घरी चार रास्पबेरी पाय ४ (छोटे संगणक, पुढे नुसतं "पाय") जोडून त्यावर के-थ्री-एस (अनेक संगणक एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर) टाकलंय. लाईट जाऊन आली की दोन नोड (जोडलेल्यातले संगणक) "नॉट रेडी" होतात. घराबाहेरून काहीच उघडत नाही, आणि नेटच्या ऑफिसने सांगितलंय की वर्षाचे पैसे भरून स्टॅटिक आयपी (न बदलणारा इंटरनेट पत्ता) घ्या, सगळं सुरळीत होईल. हे शेवटचं वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. पैसे अजून भरले नसतील तर थांबा. भरले असतील तर पावती जपून ठेवा आणि खालचा भाग नीट वाचा.

आधीच सांगते, मी नेटवर्क इंजिनिअर नाही. भुसावळला राहते, व्यापाऱ्यांचे हिशेब लिहिते. त्यांची बिलं आणि कागद घरच्या क्लस्टरवर (अशाच एकत्र जोडलेल्या पायवर) असतात, म्हणून हे सगळं शिकावं लागलं. जे स्वतः भोगलं तेवढंच सांगते. इमेज टाकणं, एसएसएच, सी-ग्रुप चालू करणं हे तुम्ही केलेलंच दिसतंय, त्यात जात नाही.

नोड का पडतात ते बघायचं तर पहिल्यांदा वीज तपासा. प्रत्येक पायवर "व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड" (vcgencmd get_throttled) ही आज्ञा चालवा. ०एक्स० आलं तर उत्तम. ०एक्स५०००० आलं तर चालू झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज कमी पडलंय आणि पायने आपला वेग उतरवलाय. शेवटीही ५ असेल, म्हणजे ०एक्स५०००५, तर ते आत्ता या घडीला चालू आहे. पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपिअर लागतात, आणि व्होल्टेज साधारण ४.६३ च्या खाली गेलं की तो इशारा देतो. बाजारातल्या सहा पोर्टच्या मोबाईल चार्जरवर चार पाय लावले असतील तर डब्यावरचा एकूण अँपिअरचा आकडा वाचा, तो सगळ्या पोर्टांत वाटला जातो. लांब, बारीक केबलमध्येही व्होल्टेज पडतं. मी प्रत्येक पायला वेगळा अधिकृत अ‍ॅडॉप्टर दिला आणि तो विषय संपवला. (पुढेमागे पाय ५ घ्यायचा विचार असेल तर त्याला ५ व्होल्ट ५ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर लागतो. साधे पीडी, म्हणजे फास्ट, चार्जर ५ व्होल्टला ३ अँपिअरच देतात, आणि मग तो यूएसबीचा करंट ६०० मिलिअँपिअरवर आणून ठेवतो. एसएसडी जोडली असेल तर तिथे रडगाणं सुरू.)

घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे एक छोटं बटण असतं, यूपीएस मोड आणि दुसरा साधा किंवा इको मोड. आपल्याकडे बहुतेक जण ते साध्यावर ठेवतात, कारण पंखा-ट्यूबला फरक पडत नाही. साध्या मोडमध्ये लाईट गेल्यावर इन्व्हर्टर सुरू व्हायला जास्त वेळ घेतो, आणि तेवढ्या झटक्यात पाय रीबूट होतो. यूपीएस मोड करा. अर्थिंग मात्र वायरमनला दाखवा, ते स्वतः करायच्या भानगडीत पडू नका.

उन्हाळ्याचं काय सांगायचं, मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो आणि पाय ८० अंशांना वेग उतरवायला लागतो. पत्र्याखालच्या माळ्यावर क्लस्टर ठेवू नका, मग वायफाय कितीही चांगलं येत असो. आमचा आहे जुन्या धाब्याच्या (मातीच्या सपाट छताच्या) खोलीत. जाड मातीच्या भिंती आहेत, पंखा मंद असला तरी भागतं. जवळ जिनिंग असेल तर कापसाच्या हंगामात दर आठवड्याला पंख्याची पाती ब्रशने झाडा. कापसाचे तंतू पात्यांत असे गुंडाळतात की पंखा फिरताना दिसतो, पण हवा काही येत नाही. आणि नेटवर्कच्या स्विचच्या (केबली जोडायच्या डब्याच्या) भोकांना बारीक जाळी लावा, पाली आत शिरतात.

आता स्टॅटिक आयपी.

तुमच्या राउटरच्या पानावर डब्ल्यूएएन किंवा इंटरनेट असं लिहिलेल्या ठिकाणचा आयपी पत्ता बघा. तो १०. ने, १९२.१६८ ने, १७२.१६ ते १७२.३१ यातल्या कशानेही, किंवा १००.६४ ते १००.१२७ यातल्या कशानेही सुरू होत असेल, तर तुम्ही बहुधा सीजीनॅटच्या मागे आहात. म्हणजे नेटवाल्याने अनेक ग्राहकांना मिळून बाहेरचा एकच पत्ता दिलाय. १००.६४ चा गट तर २०१२ साली खास याच कामासाठी राखून ठेवला गेला. असं असताना राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेल्याला आतल्या यंत्राकडे वळवणं) कितीही केलंत तरी उपयोग नाही, कारण बाहेरून येणारा माणूस तुमच्या राउटरपर्यंत पोहोचतच नाही.

त्यात नेटवाल्याची अडचण खरी आहे. जगातले मोकळे आयपीव्ही४ (नेहमीच्या, चार आकड्यांच्या पद्धतीचे) पत्ते वाटणाऱ्या मुख्य संस्थेकडचा साठा २०११ च्या फेब्रुवारीतच संपला, आणि आपल्या आशिया-पॅसिफिकच्या वाट्याला एप्रिलमध्ये शेवटचा गट उरला. लहान गावातल्या लहान नेटवाल्याकडे पत्ते कुठून असणार? त्याने तसं सांगितलं तर राग नाही. माझा राग वेगळ्या गोष्टीचा आहे.

मी ऑफिसात जाऊन स्पष्ट विचारलं होतं, "पुण्याहून माझा भाऊ आणि जळगावचे व्यापारी हे बाहेरून उघडू शकतील ना?" काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "हो ताई, स्टॅटिक घेतला की सगळं उघडतं." वर्षाचे पैसे एकरकमी घेतले. पावतीवर नुसतं "स्टॅटिक आयपी चार्जेस". संध्याकाळी नवा पत्ता आला, राउटरच्या पानावर बघितला तर १०. ने सुरू होणारा. बाहेरच्या साइटवर "माझा आयपी" बघितला तर तिथे दुसराच. म्हणजे दिला तो पत्ता त्यांच्याच जाळ्याच्या आतला. वाड्यातल्या खोलीला कायमचा नंबर दिला, पण पोस्टमनला वाड्याचं दारच माहीत नाही, असा प्रकार.

दुसऱ्या दिवशी राउटरच्या पानाचा फोटो घेऊन गेले. तोच मुलगा म्हणाला, "ताई, तुमचा नंबर आता बदलत नाही ना? मग तो स्टॅटिकच." वरिष्ठांना भेटू द्या म्हटलं तर ते फिल्डवर. पैसे परत द्या म्हटलं तर वार्षिक योजना सिस्टीममधून परत होत नाही. मग एक तंत्रज्ञ घरी पाठवला. त्याने न विचारता राउटरचं बारीक बटण पिनेने दाबून सगळ्या सेटिंग्ज पुसल्या, नवा पासवर्ड टाकला, आणि जाताना सांगून गेला की तुमचा राउटर जुना झालाय, दुसरा घ्या. नवा राउटर घेतला. पत्ता तोच १०. चा. मुख्य कार्यालयाचा ईमेल पावतीच्या खाली छापलेला होता, तिथे पाठवलेलं पत्र परत आलं.

ही सगळी ओढाताण चालू असताना महिन्याची २० तारीख जवळ आली. जीएसटीआर-३बी (जीएसटीचं विवरणपत्र) भरायची ती मुदत, हे तुम्हाला सांगायला नको. व्यापारी बाहेरून बिलं टाकू शकेनात, मी घरोघरी पेनड्राइव्ह घेऊन फिरले. एक जुनं गिऱ्हाईक तेव्हा गेलं ते गेलंच. राउटरच्या पैशांचं मला इतकं वाटलं नाही. पण ज्या माणसाला हो किंवा नाही एवढंच सांगायचं होतं, त्याने न कळता हो म्हटलं आणि नंतर शब्दाचा खेळ केला, हे मला अजूनही पटत नाही. नाही म्हणाला असता तर मी त्याच संध्याकाळी दुसरा रस्ता धरला असता.

म्हणून तुम्ही पैसे देण्याआधी ईमेलवर किंवा निदान व्हॉट्सअ‍ॅपवर एवढं लिहून मागा: मिळणारा आयपीव्ही४ पत्ता पब्लिक आहे का, म्हणजे थेट इंटरनेटवरून पोहोचता येईल असा? बाहेरून आत येणारे पोर्ट बंद ठेवता का, विशेषतः वेबपानांचे ८० आणि ४४३? आणि तसं नसलं तर पैसे परत मिळतील का? तोंडी "हो ताई", "हो भाऊ" वर जाऊ नका. तक्रार केलीत तर डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) मागून घ्या. ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) २०१२ च्या नियमांप्रमाणे आधी कंपनीचं तक्रार केंद्र आणि तिथे समाधान झालं नाही तर कंपनीचंच अपील प्राधिकरण अशा दोन पायऱ्या आहेत. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार स्वतः सोडवत नाही, त्यामुळे थेट तिकडे लिहून वेळ घालवू नका. डॉकेट नंबर नसेल तर पुढे कोणी ऐकत नाही, हे मात्र मनात पक्कं धरा.

खरं विचाराल तर माझं मत असं की घरच्या क्लस्टरला स्टॅटिक आयपी घेऊच नये. आतून बाहेर जाणारा बोगदा काढायचा, म्हणजे सीजीनॅट असो नसो, फरक पडत नाही. फक्त घरच्यांसाठी असेल तर टेलस्केल (आपली यंत्रं खासगी जाळ्यात जोडणारं अ‍ॅप) सर्वांत सोपं. वेबपान लोकांना दाखवायचं असेल तर क्लाउडफ्लेअरचा टनेल. सगळं आपल्या हातात हवं असेल तर एखादा स्वस्त भाड्याचा सर्व्हर घेऊन त्याच्याशी वायरगार्डने (असा बोगदा काढणाऱ्या सॉफ्टवेअरने) जोडायचं. त्यात "पर्सिस्टंट कीपअलाइव्ह" २५ सेकंद ठेवा, नाहीतर शांत असताना वाट बंद पडते. मी हाच मार्ग धरला. राउटरला आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा पत्ता) मिळतोय का तेही बघा, पत्ता २ ने सुरू झाला तर तो पब्लिक असतो, पण समोरच्याकडेही आयपीव्ही६ हवा आणि राउटरचं फायरवॉल जपून उघडावं लागतं. के-थ्री-एसचा ६४४३ पोर्ट (क्लस्टरला आज्ञा द्यायचं दार) मात्र कोणत्याही परिस्थितीत इंटरनेटला उघडा ठेवू नका.

आता तुमचं दुसरं दुखणं, लाईट आल्यावर नोड न उठणं. वीज नीट असूनही असं होत असेल तर मला शंका घड्याळाची आहे. पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळच नसतं. लाईट गेली की वेळ विसरतो, आणि उठल्यावर शेवटची नोंदलेली वेळ धरून चालू होतो. खरी वेळ त्याला इंटरनेटवरूनच कळते. पण लाईट गेल्यावर आपल्या गल्लीतला नेटवाल्याचा डबाही बंद पडतो. हे तुम्ही स्वतः बघू शकता. घरात इन्व्हर्टर चालू असताना फायबरच्या डब्यावर एलओएसचा लाल दिवा लुकलुकायला लागला, तर पलीकडून प्रकाशच येत नाहीये, बॅकअप त्यांच्याकडे नाही. तो दिवा प्रत्येक वेळी लाईट जाण्याबरोबरच लागत असेल तर "फायबर तुटली असेल" हे त्यांचं म्हणणं मान्य करू नका, व्हिडिओ काढून ठेवा.

अशा वेळी एक नोड दुपारच्या वेळेवर आणि दुसरा सकाळच्या वेळेवर चालू असतो. एकाने दिलेली टोकन (ओळखीच्या डिजिटल चिठ्ठ्या) दुसऱ्याला "अजून लागू झाली नाहीत" अशी वाटतात, ईटीसीडी (क्लस्टरच्या नोंदी ठेवणारा डेटाबेस) घड्याळातल्या फरकाची तक्रार करतं. वायरगार्डचं तर याहून अवघड आहे. तो प्रत्येक नव्या जोडणीत वेळेचा शिक्का पाठवतो आणि पलीकडचा सर्व्हर आधीच्यापेक्षा जुना शिक्का सरळ टाकून देतो. घड्याळ मागे गेलेल्या पायचा बोगदा मग काही केल्या लागत नाही, आणि लॉगमध्ये त्याबद्दल चकार शब्द नसतो. त्यात तुमचा डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा), जाहिराती अडवणाऱ्या पाय-होलसारखा, त्याच क्लस्टरवर असेल तर चक्रच पूर्ण झालं: वेळ आणायला डीएनएस हवा, डीएनएसला क्लस्टर हवा, क्लस्टरला वेळ हवी.

उपाय स्वस्त आहे. डीएस३२३१ घड्याळाचं छोटं मोड्यूल मिळतं, ते प्रत्येक पायला लावा. नोडच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये डीएनएस राउटरचा किंवा बाहेरचा द्या, क्लस्टरचा नको. फायबरच्या डब्याला आणि स्विचला १२ व्होल्टचा मिनी यूपीएस लावा (आधी दोघांचे व्होल्ट आणि अँपिअर बघून घ्या, काही स्विच ५ किंवा ९ व्होल्टचे असतात).

अजून एक, विचारलं नाहीत तरी सांगते. चारही नोडना सर्व्हर (क्लस्टरचा कारभार बघणारा नोड) केलं असेल तर त्याचा फायदा नाही. ईटीसीडीला बहुमत लागतं, तीनमध्ये एक पडलेला चालतो आणि चारमध्येही एकच. घरच्या कामाला मी एकच सर्व्हर ठेवते, एसएसडीवर, आणि बाकीचे कामगार नोड. एसडी कार्डावर ईटीसीडी ठेवू नका, सततच्या लिहिण्याने कार्ड लवकर मरतं. रोजचा बॅकअप घराबाहेर जाऊ द्या. याबाबत इथल्या जाणकारांचं मत वेगळं असू शकेल, त्यांनी जरूर लिहावं.

तुम्ही आता तीन गोष्टी इथे टाका: चारही पायवरचं गेट_थ्रॉटल्डचं उत्तर, लाईट आल्यानंतर लगेच चारही ठिकाणी "डेट" चालवून दिसणारी वेळ, आणि राउटरच्या डब्ल्यूएएन पत्त्याचे पहिले दोनच आकडे (जसे १००.६४, पूर्ण पत्ता टाकू नका). मग कुठे अडलंय ते बघू. आणि तोपर्यंत त्या ऑफिसात पैसे घेऊन जाऊ नका.