ओव्हन नाही, बीफ नाही; मटणाचा पॉट रोस्ट घरी मऊसूत कसा करायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा अमेरिकेत शिकून इंदूरला परत आलाय, तिथला पॉट रोस्ट त्याला फार आठवतो. घरात ओव्हन नाही, बीफ आणायचं नाही. तुम्ही बोनलेस मटण आणून कुकरला सहा शिट्ट्या दिल्यात, तर ते कोरडं आणि चिवट झालं. मटणाचा पॉट रोस्ट होतो का, आणि होत असेल तर मऊ कसा करायचा?

होतो, आणि फार सुंदर होतो. मी इंदूरचीच. आमच्याकडे थंडीत हा पदार्थ हमखास होतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. तुमच्या हाताला काही झालेलं नाही, मसालाही चुकलेला नाही. तुकडा आणि आच या दोन गोष्टी बदला.

आधी बीफचं. मध्य प्रदेशात २००४ चा गोवंश वध प्रतिषेध कायदा आहे, तेव्हा तो विषय इथे संपतो. पण पॉट रोस्टचा जीव बीफमध्ये नाहीच. अमेरिकेत त्यासाठी महागडा मऊ भाग घेत नाहीत. ‘चक’ नावाचा खांद्याकडचा, राबलेला आणि शिरा असलेला भाग घेतात. अख्खा तुकडा झाकणाच्या भांड्यात थोड्या पाण्यावर तीन-चार तास मंद शिजवतात आणि शेवटी गाजर-बटाटे घालतात. म्हणजे स्वस्तातला कडक भाग वेळ देऊन मऊ करायचा, एवढाच हा पदार्थ आहे. आपल्या बोकडाला तोच नियम लागतो.

म्हणून मटणवाल्याकडे बोनलेस मागू नका, रान म्हणजे मागची मांडीही मागू नका. ‘दस्ती’ मागा, म्हणजे खांद्यासकट पुढचा पाय. अख्खी हवी म्हणून स्पष्ट सांगा, नाहीतर तुमचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत सुरा चालतो आणि हातात रश्श्याचे तुकडे येतात. पातेल्यात मावावी म्हणून नळी फक्त एका ठिकाणी तोडून घ्या, पण मांस सलग राहू द्या. मध्यम बोकडाची दस्ती सव्वा ते दीड किलो भरते, चौघांना भरपूर होते. सोबत थोडी चरबी मागून घ्या. बोकडाच्या मांसात आतून चरबी फार कमी असते, जी असते ती वरवर. ‘चक’मध्ये ती आतपर्यंत पसरलेली असते. हा फरक आपल्याला बाहेरून भरून काढावा लागतो. वरचा जाड पांढरा-पिवळा पापुद्रा मात्र सोलून टाकायला सांगा, तो कितीही शिजवला तरी विरघळत नाही.

आता चिवटपणाचं कारण, कारण ते कळलं की बाकीची कृती आपोआप सुचत जाते. मांस साधारण साठ अंशांच्या पुढे गेलं की त्याचे धागे आवळतात आणि आतलं पाणी बाहेर टाकतात. खांद्याच्या मांसात या धाग्यांना बांधून ठेवणारं कोलॅजन भरपूर असतं. ते सत्तरच्या पुढे सावकाश विरघळायला लागतं आणि त्याचं जिलेटिन होतं. पायाचं सूप गार झाल्यावर थिजतं, ते याच जिलेटिनमुळे. आता वेळेचा हिशोब बघा: धागे आवळायला काही मिनिटं पुरतात, कोलॅजन विरघळायला तास लागतात. मधल्या काळात मांसाचं पाणी गेलेलं असतं आणि जिलेटिन अजून तयार झालेलं नसतं. मंद आचेवर साधारण सव्वा-दीड तासाला मांस सगळ्यात वाईट लागतं. काटा टोचला तर आत जात नाही, तुकडा आक्रसून लहान दिसतो. नेमकं याच वेळी आपण घाबरतो. आच वाढवतो, तांब्याभर पाणी ओततो, नाहीतर सरळ कुकरमध्ये टाकतो. तिथे काहीच करू नका. तो पदार्थ बिघडलेला नसतो, अर्ध्या वाटेवर असतो. तुमच्या बोनलेसमध्ये पाणी गेलं आणि जिलेटिन व्हायला पुरेसं कोलॅजनच नव्हतं, म्हणून ते कोरडं झालं.

ओव्हनची चिंता तर अजिबात करू नका. आपल्या शेजारच्या महूची छावणी १८१८ सालची, मंदसौरच्या तहानंतरची. वडिलांच्या रेल्वेच्या नोकरीमुळे तिथल्या एका अँग्लो-इंडियन कुटुंबाशी आमचा घरोबा होता. त्या घरातल्या आंटी पॉट रोस्ट कायम चुलीवर, पातेल्यातच करायच्या. व्हिनेगर, अख्खे मिरे, दालचिनी आणि सुक्या लाल मिरच्या एवढंच त्यांचं साहित्य. मांस मऊ झालं की झाकण काढून पाणी आटवायचं आणि सुटलेल्या चरबीतच तुकडा उलटापालटा करून खरपूस करायचा. अँग्लो-इंडियन घरांतली ही जुनी रीत. मी मसाला त्यांचा घेते, पण खरपूस सुरुवातीलाच करते आणि रस्सा राखते. तुमच्या मुलाला अमेरिकेतली ग्रेव्ही आठवत असणार, त्याला हेच आवडेल.

आदल्या रात्री दस्तीला सगळीकडून मीठ चोळा. किलोला चहाचे दोन सपाट चमचे पुरतात. झाकण न घालता फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी बाहेर काढा, तासभर तशीच राहू द्या आणि स्वच्छ फडक्याने अगदी कोरडी टिपून घ्या. ही पायरी गाळू नका. ओलं मांस तेलात टाकलं की आधी त्यावरचं पाणी उकळत बसतं, आणि पाणी असेपर्यंत तिथलं तापमान शंभराच्या वर जात नाही. खमंग तपकिरी रंग यायला त्याहून बरीच जास्त उष्णता लागते. या रंगामागची रासायनिक क्रिया फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामिय मायार यांनी १९१२ मध्ये मांडली, म्हणून तिला त्यांचंच नाव आहे. परतल्याने रस आत कोंडला जातो असं अजून सगळीकडे सांगतात, पण तसं होत नाही. परतायचं ते चवीसाठी.

भांडं जाड तळाचं स्टीलचं असलं तर उत्तम. बिडाची खोल कढई खरपूस करायला छान, पण व्हिनेगर घालून तीन तास तिच्यात शिजवलं तर रश्श्याला लोखंडाची चव येते. कल्हईच्या पितळी पातेल्यात रस्सा शिजवा, पण मांस खरपूस करू नका. कल्हई म्हणजे कथील, आणि ते २३२ अंशांना वितळतं. कोरडं तापलेलं पातेलं तिथपर्यंत सहज पोचतं.

तूप आणि ती मागून आणलेली चरबी तापवा. दस्ती एका बाजूने ठेवली की चार मिनिटं हलवू नका. तळाला चिकटली असेल तर ओढू नका, नीट रंग आला की ती स्वतःच सुटते. सगळ्या बाजू करायला पंधरा-वीस मिनिटं जातात, ती जाऊ द्या. मग दस्ती ताटात काढा आणि त्याच तुपात चार मध्यम कांदे जाड उभे चिरून घाला. कांद्याला पाणी सुटलं की उलथन्याने तळ खरवडा. तळाला जे तपकिरी धरलेलं असतं, तोच तुमचा मसाला. कांदा सोनेरी झाला की ठेचलेला लसूण आठ-दहा पाकळ्या, बोटभर आलं, चहाचा एक चमचा मिरे, दालचिनीचा लांब तुकडा, चार लवंगा, दोन तमालपत्रं, तीन-चार सुक्या मिरच्या, एक टोमॅटो आणि दोन मोठे चमचे व्हिनेगर. गरम मसाला, धणेपूड, हळद यातलं काही नको. नाहीतर छान मटण रस्सा होईल, पॉट रोस्ट होणार नाही.

दस्ती कांद्यावर ठेवा आणि गरम पाणी तिच्या एक तृतीयांश उंचीपर्यंतच घाला. साधारण दीड कप. तुकडा बुडवायचा नाही. वरचा भाग वाफेवर शिजतो आणि रस्सा दाट राहतो.

आता झाकण. आपल्या आज्या मटण शिजवताना जे करायच्या तेच करा: पातेल्यावर खोलगट ताट ठेवा आणि ताटात पाणी घाला. वरच्या पाण्यामुळे आतली वाफ ताटाच्या तळाला निवते आणि थेंब थेंब परत मांसावर पडते. ताट जड होतं, त्यामुळे फटीतून वाफ कमी जाते. आणि आत पाणी कमी पडलंच तर घालायला गरम पाणी तिथेच तयार असतं. परदेशात बिडाच्या जड झाकणांना आतून बारीक टोकं असतात, तीही वाफेचे थेंब परत मांसावर पडावेत म्हणून.

पातेल्याखाली जुना लोखंडी तवा सरकवा आणि सगळ्यात लहान बर्नर सगळ्यात बारीक करा. झाकण उचलून पाहिलं तर कडेला एखाददुसरा बुडबुडा दिसला पाहिजे. खळखळ उकळी दिसली तर आच जास्त आहे. इंडक्शनवर मंद आच बऱ्याचदा थांबून थांबून येते, त्यामुळे मला गॅसच बरा वाटतो. दर पाऊण तासाने दस्ती उलटा, बाकी झाकण उघडू नका.

दोन तासांनी गाजर आणि बटाटे घाला. थंडीतली आपली लाल गाजरं लवकर शिजतात, त्यांचे मोठे तुकडे ठेवा आणि बटाट्यांनंतर पंधरा मिनिटांनी घाला. बटाटा निवडताना जरा बघा. आपल्या माळव्यात चिप्ससाठी जो पिठूळ बटाटा पिकतो तो रश्श्यात फुटतो. लहान, नवा, पातळ सालीचा बटाटा अख्खा टिकतो. व्हिनेगर-टोमॅटोच्या आंबटपणामुळे बटाटा साध्या पाण्यापेक्षा सावकाश शिजतो, तेव्हा पाऊण तास धरून चाला.

अडीच-तीन तासांनी नळीचं टोक चिमट्यात धरून हलकेच फिरवा. हाड मांसातून मोकळं फिरलं की झालं. अडत असेल तर अजून वीस मिनिटं. घड्याळापेक्षा या खुणेवर विश्वास ठेवा, कारण प्रत्येक बोकडाचं वय वेगळं असतं. दस्ती बाहेर काढून वीस मिनिटं झाकून ठेवा. तोवर रस्सा मोठ्या आचेवर आटवा, वरचं तूप चमच्याने काढा, आणि दाटपणासाठी एक-दोन बटाटे त्यातच कुस्करा. मैदा लावायची गरज मला कधी वाटली नाही, एवढा कांदा विरघळला की रस्सा आपणच दाट होतो. मीठ आत्ता चाखा, आधी नाही. आटल्यावर ते वाढतं.

कुकरमध्ये होतच नाही असं नाही. नोकरी करून संध्याकाळी करायचं असेल तर कुकरच हाताशी येतो. पण शिट्ट्या मोजू नका. खरपूस करून, एकच कप पाणी घालून पहिली शिट्टी आली की गॅस अगदी बारीक करा आणि पस्तीस-चाळीस मिनिटं ठेवा. प्रेशर आपोआप उतरू द्या. शिट्टी उचलून वाफ सोडली की आतलं पाणी एकदम उसळतं आणि मांस कोरडं पडतं. कुकरच्या आत तापमान १२० अंशांच्या आसपास जातं, म्हणून कोलॅजन झटपट सुटतं, पण धागेही जास्त पिळले जातात आणि रस्सा आटत नाही. मांस मऊ होतं, पण रस्सा पातळ आणि जरा उकडल्यासारखा लागतो. बटाटे-गाजरं नंतर, झाकण काढून, रस्सा आटवताना शिजवा म्हणजे तेवढं अंतर बरंच भरून निघतं. चव म्हणाल तर पातेल्याचीच खरी. सुट्टीच्या दिवशी तेच करा.

वाढताना सुरी नको, दोन चमच्यांनी ओढलं तरी तुकडे सुटतात. मुलासाठी जाड ब्रेड भाजून द्या. घरच्यांसाठी ज्वारीची भाकरी याच्याबरोबर इतकी जुळते की आमच्याकडे ब्रेड कुणी मागत नाही. सोबत फक्त काकडी आणि लिंबू.

आणि जमलं तर आदल्या दिवशीच करून ठेवा. रात्रभर फ्रीजमध्ये रस्सा थिजतो, चरबी वर गोठते ती सहज काढता येते, आणि मांस रस्सा पिऊन घेतं. दुसऱ्या दिवशी गरम करताना मायक्रोवेव्ह टाळा. त्याच पातेल्यात, झाकून, अर्धी वाटी गरम पाणी घालून बारीक गॅसवर अर्धा तास ठेवा. रस्सा उरला तर त्यात तांदूळ शिजवा. तांदळाच्या पावणेदोनपट रस्सा घ्या, कमी भरला तर तेवढं पाणी घाला, आणि मीठ मुळीच घालू नका.