शाळा व्यवस्थापन समितीचं अध्यक्षपद घ्यावं का? हे काम केलेल्या एका आईचं उत्तर

भाऊ, तुमचा प्रश्न असा आहे: तापीकाठच्या तुमच्या गावी जिल्हा परिषदेची पहिली ते पाचवीची शाळा आहे, पट 41 वर आलाय, दोन शिक्षकांपैकी एक जण कामगिरीवर, म्हणजे तात्पुरत्या नेमणुकीवर, दुसऱ्या शाळेत गेलेत, काही घरांची पोरं व्हॅनने तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जायला लागली आहेत. आणि पालकसभेने अध्यक्ष म्हणून तुमचं नाव पुढे केलंय. पद घ्यावं का, घेतलं तर कुठून सुरुवात करावी?

घ्या. मी सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा-यावल पट्ट्यातल्या एका गावात काही वर्षं हे काम केलं. माझी दोन्ही मुलं त्याच शाळेत शिकली. त्या अनुभवावरून सांगते.

नवा अध्यक्ष झाला की गावाची पहिली मागणी रंगरंगोटीची असते. मग गेट, मग भिंतीवरची चित्रं, मग मोठा टीव्ही. हे सगळं चांगलंच आहे, पण व्हॅनमध्ये पोरगं बसवणाऱ्या बापाला विचारा, तो रंगाबद्दल बोलत नाही. तो म्हणतो, "चौथीत गेला, पण धडा वाचता येत नाही." किंवा म्हणतो, "तिकडे वर्गाला बाई असते, इथे दोन-दोन वर्ग नुसते बसून असतात." इंग्रजीचं आकर्षण आहे, नाही असं नाही. पण आमच्याकडे निम्म्याहून जास्त घरांनी शाळा सोडली ती वाचनामुळे आणि शिक्षक नसल्यामुळे. म्हणून माझं सांगणं एकच आहे. दर महिन्याच्या बैठकीत पहिला विषय हा ठेवा की कोणतं मूल वाचतं, कोणतं अजून वाचत नाही, आणि जे वाचत नाही त्याच्यासाठी या महिन्यात काय करायचं. बाकी सगळे विषय त्यानंतर.

आम्ही ते असं केलं. दुसरीपासून पाचवीपर्यंतचं प्रत्येक मूल एकेकटं व्हरांड्यात बसायचं. सोबत गुरुजी आणि समितीतली एखादी आई. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' चाचणीत अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पायऱ्या आहेत, त्याच आम्ही घेतल्या. सगळ्यांसमोर उभं करून वाचायला लावायचं नाही, हा नियम पहिल्या दिवशीच केला. लाजलेलं पोर पुढच्या वेळी येतच नाही. यादी फळ्यावर लावली नाही, वहीत ठेवली. आधी गुरुजींना वाटलं की ही आपली तपासणी आहे. त्यांना स्पष्ट सांगितलं की यादी तुमच्याविरुद्ध वापरायची नाही, ती घेऊन आम्हीच तुमच्यासाठी पंचायत समितीत जाणार आहोत. हा विश्वास बसायला वेळ लागतो, पण शिक्षकाला पाठीशी घेतल्याशिवाय समितीचं एकही काम पुढे सरकत नाही.

यादी हातात आली तेव्हा दिसलं की न वाचणारी मुलं तीन प्रकारची होती. ज्यांच्या वर्गाला शिक्षक नव्हते ती, कापूस वेचणीला किंवा ऊसतोडीला आईबापाबरोबर जाणारी, आणि घरी पावरी ही आदिवासी बोली बोलणारी. तुमच्याकडेही थोडंफार असंच निघेल.

आधी शिक्षकाचं बघू. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, तो 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. त्यात पहिली ते पाचवीच्या शाळेला 60 पटापर्यंत दोन शिक्षक सांगितलेत. कलम 26 म्हणतं की शाळेतल्या मंजूर पदांपैकी 10 टक्क्यांपेक्षा जास्त पदं रिकामी राहू नयेत. दोन पदांच्या शाळेत एक माणूस नसला तर निम्मी शाळा रिकामी झाली. कलम 27 नुसार शिक्षकाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून अशैक्षणिक काम देता येत नाही. दुसऱ्या शाळेवर कामगिरी हे अशैक्षणिक काम नाही, त्यामुळे तिथे कलम 27 पुढे करू नका. तिथे 26 आणि शिक्षकांच्या निकषाचं परिशिष्ट धरा. तोंडी विनंतीला किंमत नसते. बैठकीत ठराव घ्या, इतिवृत्तात नीट लिहा, वाचनाची यादी मुलांची नावं काढून जोडा आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे देऊन आवक क्रमांक घ्या. प्रत केंद्रप्रमुखांना आणि जिल्ह्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांना. तरीही हललं नाही तर कलम 32 आहे, ते फार कुणी वापरत नाही. त्यात स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते, तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो आणि तो पटला नाही तर राज्य बालहक्क आयोगाकडे अपील होतं. जळगाव जिल्हा परिषदेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि प्रशासक आले, तेव्हा आपल्या गटातून निवडून आलेला जिल्हा परिषद सदस्य धरून काम करून घ्यायची जुनी वाट बंद झाली. तेव्हापासून आम्ही कागदावरच भर दिला आणि खरं सांगते, कागदाने जास्त काम झालं.

पदांचा दुसरा धागा आहे संचमान्यता, म्हणजे पटावरून शाळेला किती शिक्षक मंजूर हे दरवर्षी ठरवणं. 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयाने तिचे निकष बदलले, आणि लहान पटाच्या शाळांना, विशेषतः सहावी ते आठवीच्या वर्गांना, त्याचा फार धसका बसला. 30 सप्टेंबरचा पट महत्त्वाचा, आणि त्यातही आधार पडताळणी झालेली मुलंच धरतात. शाळेत रोज बसणारं मूल आधारवर जन्मतारीख चुकली म्हणून मोजलं जात नाही, असं आमच्याकडे पाड्यावरच्या कितीतरी मुलांचं होतं. जन्माची नोंद नाही, नाव शाळेत एक आणि आधारवर दुसरं. हे काम मुख्याध्यापकांच्या एकट्याच्या गळ्यात टाकू नका, ते एकीकडे चार वर्ग सांभाळतात. जुलैमध्येच यादी काढा, समितीतल्या दोघांनी घरोघर जाऊन कागद गोळा करावेत, आणि गट साधन केंद्राकडून आधारचा संच एक दिवस शाळेत मागवून घ्या. सप्टेंबरमध्ये धावपळ केली तर उशीर झालेला असतो.

पट वीसच्या खाली गेला की समूह शाळेची, म्हणजे लहान शाळा बंद करून मुलं एका मोठ्या शाळेत एकत्र करण्याची, चर्चा सुरू होते. 2023 मध्ये शासनाने वीसपर्यंत पट असलेल्या शाळांचे तसे प्रस्ताव मागवले होते आणि नमुना म्हणून आपल्याच खान्देशातल्या तोरणमाळचं नाव पुढे आलं. तोरणमाळ डोंगरातलं, पाडे विखुरलेले, तिथली गोष्ट वेगळी. आपल्या सपाटीच्या गावात शाळा बंद झाली की पहिल्यांदा मुलींचं शिक्षण थांबतं. मुलाला व्हॅन लावतात, मुलीला "घरीच राहा" म्हणतात. तुमचा पट 41 आहे. आज भीती नाही, पण पाचवीतून किती बाहेर पडतात आणि अंगणवाडीतून किती येतात हे आत्ताच मांडून बघा.

आता स्थलांतर. दिवाळी झाली की ऊसतोडीचे लोक गुजरातकडे निघतात. त्याआधी ऑक्टोबरपासून कापूस वेचणी सुरू असते, तेव्हा मोठी पोरगी लहान भावंडाला सांभाळायला घरी थांबते. मूल गावातच आजी-आजोबांकडे राहणार असेल तर हंगामी वसतिगृहाची योजना आहे, आणि ती समितीमार्फतच चालते. प्रस्ताव दिवाळीच्या आधी गेला पाहिजे. जे जाणारच आहेत त्यांना शिक्षण हमी कार्ड द्या, म्हणजे तिकडच्या शाळेत बसता येईल आणि परत आल्यावर इथे पुन्हा वर्गात घेता येईल.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे, ती बाहेरच्या अधिकाऱ्याच्या लक्षात येत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदारांची (वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्यांची) सालं बदलतात. कुटुंब एका गावच्या मळ्यातून दुसऱ्या गावच्या मळ्यात जातं, आणि मूल परीक्षेच्या तोंडावर किंवा लगेच नंतर गायब होतं. जूनमध्ये ते कुठेच नसतं, ना जुन्या शाळेत ना नव्या. म्हणून आखाजी झाली की आठवडाभरात नवे सालदार कोण आले हे शेतमालकांना विचारून घ्या. दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, वयाचा पुरावा नाही म्हणूनही अडवता येत नाही. वयाप्रमाणे वर्गात बसवायचं, दाखला मागून मागवायचा. एका वर्षी आमच्या पहिली-दुसरीत नवी मुलं आली ती बहुतेक अशीच केळीच्या मळ्यांमधून आली, आणि शाळेचं एक पद त्यांच्यामुळेच टिकलं.

तिसरी गोष्ट भाषेची, आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित. आपल्या पोरांना अहिराणी येते, ती मराठीच्या जवळची म्हणून कसंबसं चालून जातं. तरी पहिलीतलं पोर घरून "माले भूक लागनी" म्हणत येतं आणि शाळेत "मला" लिहायला शिकतं, तिथे गुरुजींनी हसून चालत नाही. पावरी बोलणाऱ्या मुलाची अडचण याहून कितीतरी मोठी. त्याला पुस्तकातलं चित्र ओळखता येतं, शब्द ओळखता येत नाही, आणि आपण त्याला मठ्ठ म्हणून मोकळे होतो. आमच्या पाड्यावरची एक मुलगी बारावी होऊन घरी होती. समितीने तिला रोज पहिल्या दोन तासांसाठी वर्गात बोलावलं. ती गोष्ट आधी पावरीत सांगायची, मग गुरुजी मराठीत सांगायचे. तिचं मानधन लोकवर्गणीतून दिलं, केळीवाल्या शेतकऱ्यांनी ती आनंदाने दिली. त्या वर्षी दिवाळीपर्यंत पहिलीतली पाड्यावरची मुलं बोलायला लागली, त्याआधी ती वर्षभर गप्प बसायची. तुमचं गाव पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या कायद्याखाली, येत असेल तर ग्रामपंचायतीला येणाऱ्या 5 टक्के अबंध निधीतून असं काही बसवता येतं का, हे ग्रामसभेत जरूर मांडा. आणि होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराला, आदिवासींच्या त्या सणाच्या बाजाराला, मुख्याध्यापकांच्या अधिकारातली एक सुट्टी द्यायला लावा. त्या दिवशी पाड्यावरचं एकही मूल येत नाही, गैरहजेरी मांडण्यापेक्षा सुट्टी मानाची.

समितीबद्दल थोडं. तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असाव्या लागतात, अध्यक्ष पालकांमधूनच होतो, मुख्याध्यापक सचिव. कागदावर महिला असतातच, पण सकाळी अकराच्या बैठकीला निंदणी सोडून कोण येणार? मग रजिस्टर घरोघर फिरतं आणि नवरा सही करतो. आम्ही बैठक आठवडे बाजाराच्या दिवशी शाळा सुटताना ठेवली, त्या दिवशी मजुरीला खाडा असतो. गुरुजी अपडाउन करतात, त्यांनाही ती वेळ चालली. बायका यायला लागल्या आणि पोषण आहाराचा प्रश्न पहिल्याच महिन्यात बाहेर आला, कारण डाळ पातळ आहे की घट्ट हे त्यांच्या पोरांनी घरी सांगितलेलं असतं. स्वयंपाक करणाऱ्या ताईंना मात्र धारेवर धरू नका. त्यांचं मानधन महिन्याला 2,500 रुपये, तेही वेळेवर मिळत नाही. ते वेळेवर मिळावं म्हणून ठराव करा.

पैशाचं फार मोठं नाही. समग्र शिक्षा योजनेतून येणारं संयुक्त शाळा अनुदान 31 ते 100 पटाला 25,000 रुपये आणि 30 पर्यंत 10,000. त्यातलं किमान 10 टक्के स्वच्छतेवर. बरेचदा ते वर्ष संपत आल्यावर येतं आणि घाईने खर्च होतं, म्हणून काय घ्यायचं हे शाळा विकास आराखड्यात जूनमध्येच लिहून ठेवा. गणवेश 2024-25 मध्ये राज्यातून एकत्र शिवून यायचे होते, तेव्हा किती घोळ झाला हे सगळ्यांनी पाहिलं. आता ते काम पुन्हा समितीकडे आलंय, तर गावातल्या शिवणकाम करणाऱ्या बाईला द्या, मापं नीट घेतली जातात. कोऱ्या चेकवर किंवा बिलाशिवाय सही करायची नाही, माणूस कितीही चांगला असला तरी.

एखादी खोली पडकी असेल तर तिचा निर्लेखनाचा, म्हणजे ती कागदोपत्री रद्द करून पाडण्याचा, प्रस्ताव झालाय का ते आधी विचारा. जुनी खोली कागदावर उभी असेपर्यंत नवी मंजूर होताना अडचण येते, आणि धोक्याच्या भिंतीशेजारी पोरं खेळत राहतात. कुंपणाची भिंत रोजगार हमीतून होते, ग्रामपंचायतीला येणाऱ्या वित्त आयोगाच्या पैशातून पाणी आणि शौचालयाचं काम होतं. त्यासाठी ग्रामपंचायतीच्या आराखड्यात शाळेचं नाव असलं पाहिजे, सरपंचांशी भांडण असलं तरी त्या ग्रामसभेला जा. पत्र्याची खोली असेल तर मार्चपासून तिथे वर्ग भरवू देऊ नका. आपल्याकडचा एप्रिल लहान मुलांना सोसत नाही.

व्हॅनने जाणाऱ्या घरांशी वाद घालू नका, त्यांना दोष देऊ नका. प्रत्येकाला आपल्या पोराचं भलं हवं असतं. त्यांना वाचनाच्या दिवशी शाळेत बोलवा. आमच्याकडे एका आजोबांनी मला रस्त्यात थांबवून विचारलं, "तुमना पोऱ्या खरंच वाचस का?" मी त्यांना व्हरांड्यात नेऊन बसवलं आणि तिसरीतल्या पोरांनी त्यांना गोष्ट वाचून दाखवली. पुढच्या जूनमध्ये त्यांचा नातू आमच्या शाळेत होता.

तर पहिल्या महिन्यात तीन कागद मिळवा: चालू वर्षाची संचमान्यता, मागच्या दोन वर्षांची इतिवृत्तं आणि कामगिरीच्या आदेशाची प्रत. आदेशावर मुदत लिहिलेली आहे का ते बघा, बरेचदा ती संपून गेलेली असते आणि कुणी विचारलेलं नसतं. मुलांची नावं झाकून तिन्ही कागदांचे फोटो इथे टाका, ठरावाचा मसुदा मी लिहून देते.