वाचकांचे प्रश्न : जुना लॅपटॉप, नवा ब्राउझर

प्रश्न : तिसऱ्या पिढीचा आय-३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि विंडोज ७ असलेला लॅपटॉप घरी आहे. क्रोम अपडेट होत नाही आणि बँकेचे संकेतस्थळ ‘ब्राउझर जुना आहे’ म्हणते. दुसरा कोणता टाकू?

उत्तर : क्रोम काढून पुन्हा टाकण्यात वेळ घालवू नका. विंडोज ७ वर चालणारी त्याची शेवटची आवृत्ती १०९, जानेवारी २०२३ ची. ११० पासून विंडोज १० लागतेच. मायक्रोसॉफ्टचा एज ब्राउझरही १०९ वरच थांबला. फायरफॉक्सची ११५ ईएसआर (दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणारी आवृत्ती) मात्र चालते, आणि बाकीच्यांनी दार लावल्यावरही तिला सुरक्षा-दुरुस्त्या मिळत राहिल्या. ती मुदत अनेकदा वाढवली गेली, पण ती कायमची नाही.

शिवाय ब्राउझर चांगला असून भागत नाही. खालच्या विंडोज ७ ला जानेवारी २०२० पासून घरगुती वापरासाठी दुरुस्त्या मिळत नाहीत. या यंत्रावर विंडोज ७ मधून बँकेचा व्यवहार करूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

म्हणून विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही मोफत कार्यप्रणाली टाका, तीही तिची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती. तिला २ जीबी रॅम पुरते, ४ जीबीवर ती नीट चालते. ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, त्यावर मिंट चढवण्यासाठी रुफस या साधनाची ३.२२ आवृत्तीच उतरवा, कारण ४.० पासून रुफस विंडोज ७ वर उघडत नाही. आधी पेनड्राइव्हवरूनच मिंट चालवून वायफाय, आवाज आणि टचपॅड तपासा. फोटो-कागदपत्रे दुसरीकडे उतरवून ठेवल्याशिवाय ‘इन्स्टॉल’ दाबू नका.

प्रश्न : अशाच लॅपटॉपवर मिंट टाकले. यूट्यूब लावले की पंखा घोंघावतो, चित्र अडखळते. लिनक्स जड आहे का?

उत्तर : लिनक्स जड नाही. व्हिडिओ उलगडण्याचे काम ग्राफिक्स चिपऐवजी प्रोसेसरवर पडते आहे. यूट्यूब शक्यतो व्हीपी९ किंवा एव्ही१ या पद्धतीने व्हिडिओ पाठवते, आणि तुमच्या इंटेल चिपला त्या दोन्ही येत नाहीत, तिला एच.२६४ येते. म्हणून फायरफॉक्समध्ये ‘एच२६४आयफाय’ हे एक्स्टेंशन टाका. मग यूट्यूब एच.२६४ देते. त्यात १०८० पी च्या वर जाता येत नाही, पण या पडद्याला तेवढे पुष्कळ.

तरीही पंखा थांबला नाही तर ड्रायव्हर, म्हणजे चिपकडून काम करून घेणारे सॉफ्टवेअर, पाहा. मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधून ‘व्हीएइन्फो’ (चिपला कोणत्या पद्धती येतात त्यांची यादी देणारे साधन) घेऊन टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा लिहिण्याच्या खिडकीत, चालवा. यादीत एच२६४ च्या ओळीपुढे ‘व्हीएलडी’ दिसले की चिप तयार आहे. दिसले नाही, तर ‘आय९६५’ नावाचा व्हीए ड्रायव्हर टाका. इथे बरेचजण ‘इंटेल-मीडिया’ ड्रायव्हर टाकतात; तो पाचव्या पिढीपासूनचा, तुमच्या चिपला ओळखणार नाही. शेवटी फायरफॉक्सच्या पत्त्याच्या पट्टीत ‘अबाउट:सपोर्ट’ लिहा आणि मीडियाच्या भागात एच२६४ समोर हार्डवेअर डिकोडिंग चालू दिसते का पाहा.

प्रश्न : मॅकबुकवर सफारी बरा की क्रोम?

उत्तर : बॅटरी महत्त्वाची असेल तर सफारी. पण त्याच्या नव्या आवृत्त्या चालू मॅकओएस आणि आधीच्या दोन मॅकओएसनाच मिळतात. मॅक त्याहून जुना असेल तर फायरफॉक्स किंवा क्रोमची कोणती आवृत्ती त्यावर अजून अपडेट होते ते पाहून तीच वापरा.