लोनच्या पैशातून युरोपचा समर? जा, पण २,१०० युरोंचा नको

प्रश्न थोडक्यात असा आहे. वेंगुर्ल्याचा २४ वर्षांचा मुलगा, जर्मनीत आखेनला मास्टर्सचं दुसरं सेमेस्टर चालू, २८ लाखांचं एज्युकेशन लोन १०.५ टक्क्यांनी, बाबांची काजूची बाग तारण. मित्रांचा प्लॅन ठरलाय की १९ जूनला स्टॉकहोमचं मिडसमर, २३ ला पोर्तोचं साओ जोआओ, मग स्पेनमधल्या पाम्प्लोनाची बैलांपुढे धावायची शर्यत आणि १४ जुलैला, फ्रान्सच्या राष्ट्रीय दिनाला, पॅरिस, युरेल पास (एकाच पासवर युरोपभर ट्रेन) काढून फिरायचं. खर्च २,१०० युरो. मेन्सातल्या, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या कॅन्टीनमधल्या, छोट्या पार्ट-टाइम नोकरीतून साठवलेले १,३०० आहेत, कमी पडणारे ८०० बँकेकडून दुसऱ्या वर्षाचा लोनचा हप्ता आला की त्यातून काढू का, असं तो विचारतोय.

अरे, आधी उत्तर सांगते मग हिशोब. फिरायला जा, नक्की जा. हा प्लॅन मात्र घेऊ नकोस आणि लोनच्या हप्त्याला हात तर अजिबात लावू नकोस.

८०० युरो म्हणजे हिशोबाला सोपा १०० चा भाव धरला तर ८०,००० रुपये. तुझं मोरॅटोरियम, म्हणजे ईएमआय सुरू व्हायच्या आधीची मुदत, अजून दीडेक वर्ष चालेल आणि बाबा मधलं व्याज भरत नाहीयेत असं तूच लिहिलंयस, म्हणजे तोपर्यंत ते ९२,६०० होतात, आणि पुढे दहा वर्षांच्या ईएमआयमध्ये महिन्याला साधारण १,२५० रुपये, एकूण भरणा दीड लाखाच्या आसपास. इन्कम टॅक्समध्ये लोनच्या व्याजाची सूट मिळेल की, असं म्हणशील, तर ती फक्त जुन्या टॅक्स रिजीममध्ये आणि त्यातही व्याजाचा थोडाच भाग परत येतो. शिवाय बँक हा पैसा फी आणि राहण्याखाण्यासाठी देते, बैल बघायला नाही.

पण खरी अडचण व्याजाची नाहीच, ती ऑक्टोबरात आहे आणि तुझ्या मेलमध्ये तिचा उल्लेखच नाही म्हणून मी एवढं लांबण लावतेय. तुझं रेसिडन्स परमिट तेव्हा रिन्यू होणार ना, मग पुढच्या वर्षाचे पैसे परत दाखवावे लागणार, महिन्याला ९९२ प्रमाणे वर्षाचे ११,९०४ युरो. दुसऱ्या वर्षाचा लोनचा हप्ता नेमका तेवढाच आहे. त्यातले ८०० काढलेस की ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे परमिटसाठी वर्षाचा खर्च अडकवून ठेवायचं खातं, तेवढ्यानेच कमी पडणार आणि मग सप्टेंबरात बाबांना फोन, हे तुलाही नको असेल आणि काजूचा सीझन संपलेला असताना त्यांना तर नकोच. आत्ताच्या ब्लॉक्ड अकाउंटमधून ॲडव्हान्स काढू हा तुझा दुसरा पर्याय तर चालणारच नाही, महिन्याचे ९९२ सुटतात त्याच्यावर एक सेंट मिळत नाही, ते अकाउंट त्यासाठीच असतं.

आता प्लॅनकडे बघू. एक तर तुम्ही युरेल पास बघताय, जर्मनीत रेसिडन्ट असलेल्यांना इंटररेल लागतो, युरेल युरोपबाहेर राहणाऱ्यांसाठी आहे. २७ वयापर्यंत यूथचा दर मिळतो हे खरं, पण फ्रान्स, स्पेन, इटलीच्या फास्ट ट्रेनना पासवर वेगळं रिझर्व्हेशन लागतं, दर वेळी साधारण १० ते २० युरो, ते तुमच्या एक्सेलमध्ये कुठेच नाही. दुसरं म्हणजे १९ ला स्वीडन आणि २३ ला पोर्तुगाल, नकाशा उघडून बघितलात का रे कोणी? मधले दिवस ट्रेनमध्येच जातील आणि पास असल्यामुळे ते फुकट आहेत असं वाटत राहील. आणि मिडसमरला स्टॉकहोम रिकामं असतं, लोक गावाकडच्या घरी जातात. मुरवलेला हेरिंग मासा, शेपू घातलेले नवे बटाटे, स्ट्रॉबेरी आणि त्या फुलांच्या खांबाभोवतीचा नाच, हे सगळं कोणा स्वीडिश मित्राच्या अंगणात होतं. असा मित्र असेल तर जरूर जा, नसेल तर महागड्या शहरात बंद दुकानं बघत बसाल. पाम्प्लोनाबद्दल मी जास्त बोलत नाही, त्या नऊ दिवसांत तिथे खोलीचे भाव बघ म्हणजे कळेल.

पोर्तो मात्र सोडू नकोस. हे मी फायनान्शियल प्लॅनर म्हणून सांगतेय, कारण एवढ्या मोठ्या सणाला प्रवेश फी नसणं दुर्मिळ आहे. २३ च्या रात्री सगळं शहर रस्त्यावर असतं, अनोळखी माणसं प्लास्टिकच्या हातोड्याने एकमेकांच्या डोक्यावर टपली मारतात, मध्यरात्री दोउरो नदीवर फटाके आणि गल्लोगल्ली कोळशावर सार्डिन भाजत असतात, म्हणजे आपली तारलीच की, फक्त जाडं मीठ लावलेली आणि पावावर ठेवलेली, तिरफळाशिवाय. गोव्यातला सांजांव तू लहानपणापासून ऐकलाच असशील, कोपेल, म्हणजे फुलापानांचा मुकुट, घालून विहिरीत उड्या, तोच हा संत. पहाटेपर्यंत चालत समुद्राकडे फोझला जाऊन सूर्योदय बघायची तिथली पद्धत आहे, म्हणजे सगळ्यात महागडी होस्टेलची रात्र आपोआप वाचते. सोमवारी जायचं, गुरुवारी सकाळी परत. कलोन किंवा आइन्डहोव्हनवरून स्वस्त फ्लाइट, फक्त छोटी बॅग, चेक-इन केलंस की स्वस्तपणा संपला. आत्ता बुक केलंस तर माझ्या अंदाजाने सगळं धरून ३२० युरो.

पॅरिसला बसने जा. यंदा १४ जुलै मंगळवारी आहे आणि लूव्र मंगळवारी बंद असतं, तेव्हा सोमवारचा स्लॉट घे, युरोपात राहणाऱ्या २६ च्या खालच्यांना तिथे प्रवेश फुकट आहे, रेसिडन्स कार्ड जवळ ठेव. १३ च्या रात्री फायर स्टेशनांमध्ये अग्निशमन दलाचे जवान नाचाचे कार्यक्रम ठेवतात, कुठे फुकट, कुठे थोडी देणगी, आणि १४ ला आयफेलचे फटाके नदीकाठी बसून फुकटच. दोन रात्री, २०० युरो, जेवण सुपरमार्केटचं ब्रेड-चीज धरून.

आणि बाकीचा समर तू राहतोस तिथूनच एक ते तीन तासांवर आहे, हे कोणीच बघत नाही. जुलैच्या मध्यापासून दहा दिवस बेल्जियममधल्या गेंटचा उत्सव, रस्त्यावरची गाणीबिणी फुकट. १५ ऑगस्टला तिथल्याच लिएज शहराच्या उत्रमोझ भागात जत्रा भरते, यंदा शनिवार आहे, पेकेट या तिथल्या दारूचे छोटे ग्लास, गरम वॉफल, फ्राइज. दोन्हीचे मिळून ८० धर. जर्मनीच्या आत तर सेमेस्टर फीमध्ये डॉइचलांडटिकेट, म्हणजे देशभरच्या रीजनल ट्रेनचा पास, आलेलंच आहे, त्यावर ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गपर्यंतही जाता येतं, वेळ लागतो एवढंच. म्युनिकच्या पारंपरिक बिअर गार्डनमध्ये ड्रिंक त्यांचं घेतलं की डबा आपला चालतो, थालीपीठ घेऊन बसलास तरी कोणी उठवत नाही.

म्हणजे झाले ६००. तुझ्या १,३०० मधून जातील, ७०० उरतील, त्यातून पुढची सेमेस्टर फी तीनशेच्या वर जाईल आणि बाकीचे अडीअडचणीला. ऑगस्टमध्ये परीक्षांच्या मधल्या गॅपमध्ये दोन आठवडे फुल टाइम काम मिळालं तर १३.९० च्या किमान वेतनाने ८० तासांचे १,११२ युरो होतात, कापून हातात थोडे कमी येतील. वर्षाची कमाई १२,३४८ च्या खाली असेल तर कापलेला टॅक्स पुढच्या वर्षी रिटर्न भरून परत मिळतो, बरेच जण आळसाने भरतच नाहीत. फक्त वर्षाला १४० पूर्ण दिवसांची मर्यादा आहे, मेन्सातले अर्धे दिवसही त्यात मोजले जातात, मोजून ठेव.

मित्र चिडतील, चिडू देत, पोर्तोला आणि पॅरिसला भेटा. २५ दिवस लेक्चर बुडवून एखादा विषय राहिला आणि त्यापायी सेमेस्टर वाढलं तर राहण्याचेच सहा महिन्यांचे ५,९५२ युरो जातात, आणि जर्मनीत बहुतेक ठिकाणी एका पेपरला तीनच अटेम्प्ट असतात. त्यापुढे ते ८०० काहीच नाहीत.

तर आज संध्याकाळी एवढं कर. पोर्टलवर परीक्षेच्या तारखा बघ, २३ जून आणि १४ जुलैच्या आसपास काही सबमिशन नाही ना ते तपास, परमिटच्या अपॉइंटमेंटसाठी मेल टाक कारण स्लॉट लवकर मिळत नाहीत, आणि मग फ्लाइट बुक कर. बँकेला मात्र हप्ता ठरल्याप्रमाणे पूर्णच ब्लॉक्ड अकाउंटला पाठवायला सांग, तुझ्या चालू खात्यात नको.