कृपा फुकट मिळते, तर मग चांगलं का वागायचं?

तुम्ही विचारलंय की ईस्टरला, म्हणजे येशू मरणातून उठला त्या सणाला, ख्रिस्ती लोक ज्याला नवजीवन म्हणतात ते नेमकं काय, आणि देवाची कृपा, म्हणजे न कमावता मिळणारी माफी, फुकटच मिळत असेल तर माणूस चांगला कशाला वागेल. शिवाय, बाहेरच्या माणसाने ईस्टरच्या उपासनेला आलं तर चालतं का, हेही विचारलंय.

दुसरा प्रश्न फार जुना आहे. ख्रिस्ताचा प्रेषित पौल याने रोममधल्या ख्रिस्ती लोकांना पत्र लिहिलं (ते बायबलमध्ये आहे) तेव्हा हीच शंका त्याने स्वतःच मांडली होती : कृपा वाढावी म्हणून पाप करत राहायचं का? आणि तिथल्या तिथे ठणकावून सांगितलं, मुळीच नाही. त्याचं म्हणणं असं की बाप्तिस्म्यात, म्हणजे ख्रिस्ती होताना पाण्याने होणाऱ्या विधीत, आपण ख्रिस्ताबरोबर मेलो आणि त्याच्याबरोबर उठलो, आता जुन्या घरात परत राहायला कोण जाईल? हे मला लहानपणापासून पाठ होतं, पण कळलं फार उशिरा. ते कळलं येशूचा शिष्य पेत्र याच्यामुळे, आणि माझ्या पप्पांमुळे.

पेत्राची गोष्ट थोडी सावकाश सांगतो. येशूला धरून नेलं त्या रात्री प्रमुख याजकाच्या वाड्यात कोळशाचा विस्तव पेटवला होता. तिथे शेकत असताना पेत्र तीनदा म्हणाला, मी त्याला ओळखत नाही. कोंबडा आरवला आणि तो बाहेर जाऊन ढसाढसा रडला. तिसऱ्या दिवशी पहाटे स्त्रिया कबरेकडे गेल्या. मार्काच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एकात, त्यांना निरोप मिळतो : त्याच्या शिष्यांना आणि पेत्राला सांगा. "आणि पेत्राला" हे शब्द वाचताना मला दर वेळी थांबावं लागतं. पेत्राने अजून माफीसुद्धा मागितलेली नव्हती.

पुढे गालीलच्या सरोवरावर पेत्राच्या आणि सोबत्यांच्या रात्रभर जाळी टाकून हाती काही लागलं नाही. पहाटे काठावर कोणीतरी उभा दिसला. त्याच्या सांगण्यावरून जाळं टाकलं तर 153 मासे लागले, योहानाच्या शुभवर्तमानात आकडासुद्धा लिहून ठेवलाय. पण मासे ओढून काठाला येतात तो काय, तिथे कोळशाचा विस्तव आधीच पेटलेला, त्यावर मासळी आणि भाकर. मूळ ग्रीकमध्ये कोळशाच्या विस्तवाचा हा शब्द बायबलच्या अख्ख्या नव्या करारात दोनच ठिकाणी येतो, नाकारलं तिथे आणि इथे. येशू म्हणतो, या, न्याहारी करा. खाणं झाल्यावर मग विचारतो, माझ्यावर प्रेम करतोस का? तीनदा. आणि प्रत्येक उत्तरावर काम सोपवतो : माझी मेंढरं सांभाळ.

आधी न्याहारी, मग प्रश्न, मग काम. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर या क्रमात आहे.

मी नगरचा. पुण्यात डिप्लोमाला होतो, दुसऱ्या वर्षी नापास झालो आणि ते घरी लपवलं. पप्पांनी पाठवलेली पुढची फी भरली नाही, उडवली. सात महिने घरी आलो नाही. ईस्टरच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन आला, "पहाटेच्या उपासनेला ये. येताना शेवंती आण, आजीच्या कबरेवर वाहायला." रात्रीच्या शेवटच्या गाडीने आलो. पहाटे कबरस्थानात मेणबत्त्या लावलेल्या, नुकतीच चुना मारलेली आजीची कबर, आणि पाळकसाहेब म्हणाले, "ख्रिस्त उठला आहे!" सगळे म्हणाले, "खरोखर उठला आहे!" माझ्या तोंडून शब्द फुटेना. घरी आल्यावर आईने पोहे दिले. पप्पांनी त्यांच्या बशीतला लिंबू माझ्या पोह्यांवर पिळला. कॉलेजचं पत्र त्यांना तीन महिन्यांपूर्वीच आलं होतं, हे मला दुपारी कळलं. तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "आता काय करायचं ठरवलंस?"

त्या प्रश्नाने मी सुधारलो असं नाही म्हणणार. सुधारायला सुरुवात त्या लिंबापाशी झाली. मी दुकानात काम धरलं आणि राहिलेले पेपर दिले. ते माफी मिळावी म्हणून नव्हतं, माफी तर मिळून चुकली होती.

आणि फुकट हा शब्द घेणाऱ्याच्या बाजूने खरा आहे, देणाऱ्याच्या नाही. मी उडवलेली फी पप्पांनी कर्ज काढून पाठवली होती. तो हप्ता पुढे तीन वर्षं त्यांच्या पगारातून कापला जात होता. म्हणून उत्तम शुक्रवार, म्हणजे येशूला क्रुसावर मारलं तो दिवस, वगळून ईस्टरबद्दल बोलता येत नाही. बायबलमधल्या इफिसकरांच्या पत्रात तारणाला, म्हणजे पापातून सुटकेला, देवाचं दान म्हटलंय, कोणी आढ्यता बाळगू नये म्हणून. मला तरी स्वतःच्या चांगुलपणाची आढ्यता बाळगायला जागाच उरली नाही.

कृपा हा शब्द मराठी माणसाला परका नाही. आमच्या नगरला राहून गेलेले कवी ना. वा. टिळक म्हणत की ते तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले. त्यांची गीतं आम्ही आजही उपासनेत गातो.

उपासनेला जरूर या. ईस्टर दर वर्षी 22 मार्च ते 25 एप्रिलच्या दरम्यान एखाद्या रविवारी येतो, तारीख कॅलेंडरमध्ये असते. उजाडायच्या आधी पोचा, वेळ जवळच्या चर्चमध्ये विचारून घ्या. कबरस्थानात अंधार असतो, पायाखाली बघून चाला. मेणबत्ती नसली तरी शेजारचा माणूस देतो. नंतर कोणीतरी घरी न्याहारीला बोलावेल, तेव्हा नाही म्हणू नका.