वाचक विचारतात: अपघात झाला, विम्याचं पुढे काय?

या वेळी आलेल्या पत्रांत एक गोंधळ पुन्हा पुन्हा दिसला, म्हणून तो आधी सोडवू. गाडीच्या नुकसानीचा दावा आणि माणसाच्या जखमेचा दावा हे दोन वेगळे दावे आहेत. पहिला दावा तुमच्या पॉलिसीवर, तुमच्या विमा कंपनीकडे. दुसरा ज्याच्या चुकीनं अपघात झाला त्याच्या वाहनाच्या विम्यावर, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात. एक मिटला म्हणून दुसरा मिटत नाही, आणि एकासाठी थांबलात तर दुसऱ्याची मुदत निघून जाऊ शकते.

प्रश्न: माझ्याकडे पूर्ण विमा आहे. समोरून धडक बसली, गॅरेजचं बिल ४५ हजार झालं. कंपनीनं ३५,२५० रुपयेच मंजूर केले. हे नियमात बसतं का?

तुम्ही पाठवलेल्या बिलावरून बसतं. गाडीला तीन वर्षं चार महिने झालेत आणि पॉलिसीत ‘झिरो डेप’ (घसारा न कापण्याचं जोडसंरक्षण) नाही, त्यामुळे जुन्या भागाच्या जागी नवा भाग बसला की घसारा, म्हणजे वापरामुळे घटलेली किंमत, कापला जातो. प्लॅस्टिक, रबर, टायर, बॅटरी आणि एअरबॅगवर ५० टक्के, फायबरच्या भागांवर ३० टक्के, काचेवर काहीच नाही. पत्र्याची कपात वयाप्रमाणे वाढते: पहिले सहा महिने शून्य, वर्षापर्यंत ५, दोन वर्षांपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५, पाचपर्यंत ३५, दहा वर्षांपर्यंत ४० आणि त्यापुढे ५० टक्के.

तुमचा बंपर ९ हजारांचा, त्यातले ४,५०० मिळाले. बॉनेट १२ हजारांचं, २५ टक्के वजा जाऊन ९ हजार. पुढची काच ८ हजारांची, पूर्ण मंजूर. रंगकामाचं एकत्र बिल १० हजार. अशा बिलात चौथा हिस्सा रंगसाहित्याचा धरतात आणि तेवढ्यावरच निम्मी कपात होते, म्हणून ८,७५० मिळाले. मजुरीचे ६ हजार पूर्ण. बेरीज ३६,२५०. त्यातून १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला लागू असलेली १,००० रुपयांची सक्तीची वजावट गेली. (१५०० सीसीच्या वर ती २,००० असते.) हिशेब बरोबर आहे.

पुढच्या खेपेला एवढं बघा की गॅरेजवाला रंगकामाच्या बिलात साहित्य आणि मजुरी कशी दाखवतो. साहित्य फुगवून वेगळं लावलं, तर त्या सगळ्या रकमेवर ५० टक्के कपात होते.

प्रश्न: दगडावर गाडी खालून आपटली. थोडं पुढे गेल्यावर इंजिन सीज झालं. कंपनी फक्त ऑइल चेंबरचे पैसे द्यायला तयार आहे, इंजिनचे नाही.

सर्वाधिक पैसे अडकतात असा हा दावा आहे, म्हणून सविस्तर सांगतो. पॉलिसीच्या अटींत लिहिलेलं असतं की अपघातानंतर आवश्यक दुरुस्ती न करता गाडी चालवली, तर वाढलेलं नुकसान मालकाच्या जबाबदारीवर. दगडानं चेंबर फुटला, हा अपघात. तेल वाहून गेल्यावरही इंजिन चालू राहिलं आणि जळालं, याला कंपनी ‘परिणामी नुकसान’ म्हणते आणि ते वगळते.

सर्व्हेअरला, म्हणजे कंपनीसाठी नुकसान तपासणाऱ्याला, हे कळतं कसं? इंजिन उघडल्यावर बेअरिंगवर खोल ओरखडे दिसतात, क्रँकशाफ्टचा पृष्ठभाग उष्णतेनं निळसर पडलेला असतो. तेलाविना इंजिन फिरल्याची ही खूण आहे. मग तो दगडाची जागा आणि टोइंगच्या पावतीवरची जागा ताडून बघतो. तुम्ही ‘थोडं पुढे’ लिहिलंय. ते शंभर मीटर होतं की पाच किलोमीटर, यावर तुमची बाजू उभी राहते किंवा पडते. तेलाचा दिवा लागल्याबरोबर गाडी थांबवली असेल, तर रस्त्यावरच्या तेलाच्या ओघळाचे आणि थांबलेल्या गाडीचे फोटो, टोइंगची पावती आणि कंपनीला केलेल्या पहिल्या फोनची वेळ जोडून फेरविचाराचा लेखी अर्ज करा. पाच किलोमीटर चालवली असेल, तर तो अर्ज टिकणं अवघड.

पॉलिसीत ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे जोडसंरक्षण आहे का, तेही तपासा. त्यात तेलगळतीनं झालेलं इंजिनाचं नुकसान बहुधा धरलेलं असतं, अटी मात्र शब्द न् शब्द वाचाव्या लागतात. पावसाच्या पाण्यात गाडी बंद पडली तरी न्याय हाच: पुन्हा स्टार्टर मारू नका. पाणी सिलिंडरमध्ये शिरलेलं असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

सगळ्यांसाठीच आणखी एक गोष्ट. बंपर उतरवल्यावर आतला रेडिएटर किंवा सपोर्ट वाकलेला निघाला, तर काम तिथेच थांबवून पुरवणी सर्व्हे मागा. बदललेले जुने भाग सर्व्हेअरनं बघेपर्यंत गॅरेजला भंगारात देऊ देऊ नका. भाग दिसला नाही, तर त्याचे पैसे कापण्याला सबळ कारण मिळतं.

प्रश्न: माझ्या यजमानांच्या दुचाकीला कारनं धडक दिली. उजव्या पायाचं हाड मोडलं, दोन शस्त्रक्रिया झाल्या. ते सुतारकाम करतात, वय ३४. चार महिने झाले, कारवाल्याकडून ‘बघू’ एवढंच. आम्ही काय करावं?

ताई, आधी तारीख बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खालचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करायचा, अशी तरतूद १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. तुमच्या हाती दोन महिने आहेत. उपचार संपायची किंवा अपंगत्वाच्या दाखल्याची वाट बघू नका, तो दाखला नंतर दाखल करता येतो. तुम्ही राहता त्या भागातल्या न्यायाधिकरणातही अर्ज चालतो, अपघाताच्या ठिकाणी खेटे घालायची गरज नाही. कारचा चालक, मालक आणि विमा कंपनी, तिघांनाही प्रतिवादी करा.

पोलीस ठाण्यातून एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, कारचं नोंदणी पुस्तक, चालकाचा परवाना आणि विमा पॉलिसी यांच्या प्रती घ्या. नियमांनुसार पोलिसांनी ४८ तासांत प्राथमिक आणि ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. तो गेला का, हे लेखी विचारा.

रुग्णालयाच्या कागदांत डिस्चार्ज कार्ड, बिलं, एक्स-रे आणि पोलीस केस म्हणून झालेली एमएलसी नोंद ठेवा. मेडिक्लेमसाठी मूळ बिलं दिली असतील तर त्यांच्या साक्षांकित प्रती काढून ठेवा. मेडिक्लेमची मिळालेली रक्कम अपघाताच्या भरपाईतून वजा करता येत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं मार्च २०२५ मध्ये दिला आहे.

आता रक्कम. पायाला ६० टक्के अपंगत्व असा दाखला मिळाला तरी कमाई ६० टक्के गेली असं न्यायाधिकरण धरत नाही. त्या माणसाच्या कामावर काय परिणाम झाला, हे बघतात. सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजय कुमार या खटल्यात हा फरक नीट मांडला. उभं राहून रंधा मारणाऱ्या, उकिडवं बसून चौकट बसवणाऱ्या माणसाचा पाय आणि टेबलावर बसून काम करणाऱ्याचा पाय यांचा हिशेब एक नाही. म्हणून अस्थिरोगतज्ज्ञांनी साक्षीत नेमकं सांगायला हवं: किती वेळ उभं राहता येतं, गुडघा किती वाकतो, शिडी चढता येते का.

समजा मासिक कमाई २० हजार सिद्ध झाली. स्वयंरोजगारी आणि चाळिशीच्या आत म्हणून भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरून २८ हजार, वर्षाचे ३ लाख ३६ हजार. वर्षाच्या कमाईला वयाप्रमाणे ठरलेल्या गुणकानं गुणतात; ३१ ते ३५ वयाला तो १६, म्हणजे ५३ लाख ७६ हजार. कमाईची क्षमता ४० टक्के घटली असं ठरलं, तर या एका शीर्षाखाली २१ लाख ५० हजार ४०० रुपये होतात. औषधोपचार, वेदना, मदतनीस आणि बुडालेली मजुरी यांचे पैसे वेगळे.

हे सगळं ‘सिद्ध झाली’ या दोन शब्दांवर उभं आहे. सुतारकामाला पगारपत्रक नसतं. बँकेतल्या जमा नोंदी, ऑर्डरची वही, लाकूडखरेदीची बिलं, काम देणाऱ्या ठेकेदाराची साक्ष यांतलं जे असेल ते गोळा करा. पुरावा नसला तर किमान वेतनासारखा अंदाज धरला जातो आणि सगळी गणितं खाली येतात.

चूक कोणाची हे सिद्ध न करता कलम १६४ खाली गंभीर जखमेला अडीच लाख आणि मृत्यूला पाच लाख मिळतात. तो मार्ग सोपा आहे, पण तुमच्या बाबतीत फार तोकडा. आणि कारवाला घरी येऊन थोडे पैसे देऊन ‘पूर्ण व अंतिम समझोता’ असा कागद पुढे करेल, त्यावर सही करू नका.

प्रश्न: धडक देऊन वाहन पळालं. नंबर मिळाला नाही. भरपाई मिळते का?

मिळते: मृत्यूसाठी २ लाख, गंभीर जखमेसाठी ५० हजार. अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदार यांच्याकडे करायचा; या कामी तेच दावा चौकशी अधिकारी असतात. पण नंबरचे दोन-तीन आकडे किंवा गाडीचा रंग आठवत असेल तर पोलिसांना लेखी द्या आणि सीसीटीव्हीचं चित्रण पुसलं जाण्याआधी ताब्यात घ्यायला सांगा. वाहन सापडलं तर कितीतरी मोठा दावा करता येतो. शिवाय केंद्र सरकारच्या २०२५ च्या कॅशलेस (रोख न भरता उपचाराच्या) योजनेत ठरवून दिलेल्या रुग्णालयांत अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार मिळतात. वाहन अज्ञात असलं तरीही.

प्रश्न: जुनी कार घेतली. विमा आधीच्या मालकाच्या नावावर आहे. चालेल का?

समोरच्याच्या नुकसानीपुरता चालेल, तुमच्या गाडीच्या नुकसानीला नाही. विक्रीपासून १४ दिवसांत विमा नावावर करायचा अर्ज द्या. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गाडीचा नसून जुन्या मालकाचा असतो, त्यामुळे त्याचा फरक भरावा लागेल.

प्रश्न: दाराला ओरखडा, खर्च ६ हजार. दावा करू का? बोनस ४५ टक्के आहे.

करू नका. तुमच्या गाडीच्या नुकसानीचा मूळ हप्ता १० हजार धरला, तर दावा न केल्यास पुढच्या वर्षी ५० टक्के सूट मिळून ५ हजार भराल. दावा केलात तर सूट शून्य, आणि पुढे २०, २५, ३५, ४५ अशी पुन्हा चढण. पाच वर्षांत साधारण साडेबारा हजार जास्त जातील.

प्रश्न: सर्व्हे होऊन दोन महिने झाले, कंपनी उत्तरच देत नाही.

आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी द्या आणि पोच ठेवा. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. तिथे शुल्क नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात. कंपनीनं नकार कळवल्यापासून एक वर्षाच्या आत तक्रार करावी लागते. नकार तोंडी सांगितला असेल, तर पॉलिसीच्या कोणत्या अटीखाली तो दिला हे लेखी मागा. तोच कागद लोकपालासमोर पहिला लागतो.